पार्श्वभूमी : 'टोफा'ची गोळी आणि तिच्यावरची चौकट

पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. ज्या बाईची बोटं सकाळी दीड-दोन तास मिटतच नाहीत, ती उन्हं वर आल्यावर वेचायला लागते, आणि संध्याकाळी काट्यावर तिचंच गाठोडं हलकं भरतं. वेचाई किलोवर असते. विचारलं तर ती म्हणते, "सांधे धरले, वात आहे." २००६ मध्ये विदर्भात चिकनगुनियाची लाट आली. तेव्हापासून तर धरलेला प्रत्येक सांधा 'त्या तापाचा' ठरतो आणि खरा आमवात, म्हणजे शरीराचाच प्रतिकार सांध्यांवर उलटतो तो आजार, वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

अशा आमवातावर आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही टोफासिटिनिब नावाची गोळी मिळते. डॉक्टर आणि दुकानदार दोघंही तिला 'टोफा' म्हणतात. ती एका घराण्यातल्या विकरांना अडवते. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात आणि पोरं पेपरात हमखास 'विकार' लिहून येतात. चूक काना-मात्रेची, पण या आजारात ती जवळजवळ बरोबरच ठरते. अडचण अशी की विकर म्हटलं की लाळ आणि पोट एवढंच लोकांना आठवतं. इथलं विकर काही पचवत नाही, ते निरोप पुढे ढकलतं.

विकर अडवून सूज उतरवायची युक्ती जुनीच आहे, फक्त ती विकराची आहे हे ठाऊक नव्हतं. ॲस्पिरिन १८९७ मध्ये तयार झालं. ते नेमकं काय अडवतं याचा उलगडा १९७१ मध्ये झाला. स्टेरॉइडची वाट वेगळी, ते थेट विकराला अडवत नाही; आमवातावर ते १९४८ मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली आणि दुष्परिणाम मागाहून कळले. आपल्याकडे ते कळूनही पुडीतून दिलंच जातं. आमवातावरचं जुनं औषध मेथोट्रेक्सेट मात्र विकरावरच चालतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून 'बाजाराच्या दिवशीची गोळी' असं सांगितलेलं बरं. बाजार कोणी विसरत नाही.

टोफाची कथा मात्र १९८९ च्या सुमारास मेलबर्नच्या एका प्रयोगशाळेत सुरू होते. तिथे कायनेज जातीची नवी विकरं भराभर सापडत होती. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून त्याला कामाला लावणारं विकर. इतकी सापडली की संशोधकांनी त्यातल्या काहींना वैतागून 'आणखी एक कायनेज' (जस्ट अनदर कायनेज) म्हटलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून झालं 'जॅक'. छापताना ते बरं दिसेना, म्हणून जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवाचं नाव पुढे केलं गेलं. नाव फिट बसलं, कारण या विकरात कायनेजसारखे दिसणारे दोन भाग असतात. एक खरा काम करणारा, दुसरा कायनेजची नुसती नक्कल, पण पहिल्याला लगाम घालणारा.

पेशीच्या पृष्ठावरचे कित्येक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, स्वतः काहीच करू शकत नाहीत. बाहेरून सायटोकाइनचा, म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात त्या प्रथिनाचा, निरोप येऊन चिकटला की दोन ग्राही जवळ येतात आणि त्यांना आतून लागून बसलेली जॅक एकमेकांना जागं करतात. तिथून निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि सूज आणणारी जनुकं चालू होतात. बोअरच्या स्टार्टरला 'ऑटो' लावून झोपलेला माणूस आठवा. रात्री लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. पाणी हवं होतं हे खरं, पण कोणी बंद करायला उठलं नाही तर सकाळी वावर चिबडलेलं असतं. बंद करणारी विकरंही शरीरात असतात. 'ए-ट्वेंटी' नावाचं त्यातलं एक १९९० मध्ये सापडलं; ते जॅकचा नव्हे, सुजेचा दुसरा एक निरोप बंद करतं. २००० मध्ये ते काढून टाकलेले उंदीर सुजेने मेले. २०१६ मध्ये त्याच जनुकातल्या बिघाडाची माणसांची कुटुंबंही सापडली.

जॅकला अडवणारं औषध, म्हणजेच टोफा, सुचलं ते १९९५ च्या एका निष्कर्षावरून. काही बाळांना जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते. त्यांतल्या काहींमध्ये जॅक घराण्यातलं जॅक-३ हे विकर बिघडलेलं आढळलं. मग विचार आला की जे नसलं तर प्रतिकार उभाच राहत नाही, ते थोडंसं दाबलं तर बेफाम झालेला प्रतिकार आवरेल.

२०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने टोफाला परवानगी दिली. जंतुसंसर्ग, क्षयरोग आणि कर्करोगाच्या इशाऱ्याची चौकट तिच्या माहितीपत्रकावर पहिल्याच दिवसापासून होती, आणि सुरक्षिततेचा मोठा अभ्यास करण्याची अटही होती. २०१३ मध्ये युरोपने त्याच गोळीला नकार दिला. गंभीर संसर्गाची चिंता होतीच, शिवाय कमी मात्रेत सांध्याची झीज थांबते याचा पुरावा त्यांना अपुरा वाटला. २०१७ मध्ये तिथेही परवानगी मिळाली. मग त्या अटीच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात पन्नाशीपुढचे, हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले ४,३६२ रुग्ण होते आणि तुलना टीएनएफ (सूज पेटवणारं एक सायटोकाइन) रोखणाऱ्या इंजेक्शनांशी होती. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू टोफावर ३.४ टक्के जणांना, इंजेक्शनवर २.५ टक्के. कर्करोग ४.२ विरुद्ध २.९. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने चौकट मोठी केली आणि इंजेक्शन लागू पडलं नाही तरच गोळी द्या, असा नियम केला. त्या अभ्यासात नसलेल्या जॅक अडवणाऱ्या दोन भावंड-गोळ्यांवरही तीच चौकट आली. वाद तिथे पेटला, आणि अजून पुरता विझलेला नाही.

माझा कल लपवत नाही. निर्णय त्यांच्यापुरता समजण्यासारखा आहे, पण तुलना कोणाशी केली ते बघा. ते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, महाग असतं, आणि भारनियमनाच्या गावात ते ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच. कापूस वेचणाऱ्या बाईसमोर निवड टोफा की इंजेक्शन अशी नसतेच. ती असते टोफा की स्टेरॉइडची पुडी. ही तुलना त्या अभ्यासात नाही. पेटंटची मुदत संपून देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून तर हा प्रश्न आणखीच खरा झाला.

पण म्हणून चौकट खोटी ठरत नाही. आपल्याकडे क्षयाचे जंतू कित्येकांच्या छातीत झोपलेले असतात, आणि टोफा त्यांना जागं करू शकते. छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी न करता गोळी लिहिणं ही आपली चूक, तिथल्या नियंत्रकांची नव्हे. नागीण उठण्याचं प्रमाणही या गोळीवर वाढतं. पाठीवर, कमरेवर एका बाजूला पाण्याचे फोड दिसले की लोक आधी उतरवायला नेतात, आणि डॉक्टरपर्यंत बातमी येते तोवर आठवडा गेलेला असतो.

२०२२ मध्ये याच घराण्यातल्या टिक-२ या विकरावरच्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली, त्वचेच्या सोरायसिससाठी. ती खऱ्या भागाला हात लावत नाही, नक्कल करणाऱ्या भागाला धरून लगाम घट्ट करते. तिच्या माहितीपत्रकावर ती चौकट नाही.