गिटलॅब सीआयमधलं एक्स्टेंड्स आणि यॅमलचा अँकर, या दोघांत नक्की फरक काय?

दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली सीआयची फाईल (कोड बदलला की टेस्ट वगैरे कामं गिटलॅबने आपोआप कशी चालवायची ते सांगणारी, यॅमल फॉरमॅटमधली) आपल्या गळ्यात पडते ना, तेव्हा पहिला घोळ इथेच होतो. एका जॉबमध्ये (म्हणजे त्यातल्या एका कामात) एक्स्टेंड्स लिहून बेस जॉबचं, म्हणजे ज्याच्यावरून सेटिंग उचलायची त्या जॉबचं नाव असतं, खालच्याच जॉबमध्ये << आणि पुढे * लावून तोच बेस, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्हीकडे वरचं सगळं खाली येतंय, लिहायची पद्धत तेवढी वेगळी. मीही बरेच दिवस हेच धरून चाललो होतो.

आमच्याकडे एक टेस्ट जॉब होता. बेस जॉबमध्ये (टिंबाने सुरू होणारं नाव, म्हणजे तो स्वतः कधी चालत नाही) इमेज आणि दोन व्हेरिएबल्स, डेटाबेसचा होस्ट आणि टाइमझोन. टेस्ट जॉब अँकरने हे सगळं उचलायचा आणि कित्येक महिने नीट चालत होता. मग कुणीतरी त्या जॉबमध्ये व्हेरिएबल्स लिहून खाली एकच ओळ टाकली, लॉग लेव्हल डीबग. झालं, टेस्ट डेटाबेस शोधायला लोकलहोस्टवर जायला लागल्या आणि लॉगमध्ये कनेक्शन रिफ्यूज्ड. डेटाबेसच्या सेटिंगला कुणी हातच लावला नव्हता, त्यामुळे आम्ही आधी रनरवर (जॉब चालवणारा प्रोग्रॅम) संशय घेतला, मग ज्यात डेटाबेस चालतो त्या सर्व्हिस कंटेनरवर, अख्खी दुपार त्यात गेली.

अँकर, म्हणजे एका भागाला नाव देऊन तो * ने दुसरीकडे वापरणं, ही यॅमलची स्वतःची सोय आहे, गिटलॅबची नाही. पार्सर फाईल वाचतानाच * च्या जागी मजकूर भरतो आणि << ने होणारं मर्ज फक्त वरवरचं असतं, म्हणजे जॉबमध्ये एखादी की (सेटिंगचं नाव) आधीच असेल तर बेसमधली तीच की अख्खी जाते. व्हेरिएबल्स ही त्याच्या लेखी एकच की. आत एक ओळ आहे की दहा, हे तो बघतच नाही, म्हणून लॉग लेव्हल आली आणि होस्ट, टाइमझोन दोन्ही गेले, आणि एररही नाही कारण यॅमल म्हणून फाईल एकदम बरोबर आहे.

एक्स्टेंड्स मात्र गिटलॅबचं आहे (11.3 पासून) आणि ते आतपर्यंत शिरून एकेक की जुळवतं. आमच्या जॉबमध्ये एक्स्टेंड्स असतं तर तिन्ही व्हेरिएबल्स मिळाली असती. दोन्हीकडे एकच की असेल तर जॉबमधली व्हॅल्यू जिंकते, आणि बेसमधली एखादी की नकोच असेल तर तिला नल (रिकामी व्हॅल्यू) द्यायचं.

पण लिस्ट आली की एक्स्टेंड्सही अँकरसारखंच वागतं, हे कृपया लक्षात ठेवा. स्क्रिप्ट, बिफोर स्क्रिप्ट, रूल्स या सगळ्या लिस्ट, त्या जोडल्या जात नाहीत, जॉबमधली लिस्ट बेसमधलीला पूर्ण बदलून टाकते. बेसच्या स्क्रिप्टमध्ये दोन कमांड आहेत, मी तिसरी वाढवतो असं म्हणून जॉबमध्ये स्क्रिप्ट लिहिली तर फक्त तिसरीच चालेल. दोन्हीकडच्या कमांड हव्या असतील तर बेसमधला हवा तो भाग जॉबमध्ये उचलून आणणारा !रेफरन्स टॅग वापरायचा, तो 13.9 मध्ये आला.

अजून एक फरक म्हणजे अँकर त्याच फाईलपुरता. बेस जॉब इन्क्लूडने (दुसरी फाईल आत ओढणारी सेटिंग) दुसऱ्या फाईलमधून येत असेल तर तिथला अँकर इकडे सापडत नाही, एक्स्टेंड्सला आणि !रेफरन्सला ते चालतं. एक्स्टेंड्सच्या साखळीला 11 पातळ्यांपर्यंत परवानगी आहे, पण तीनच्या वर जाऊ नका असं गिटलॅबच सांगतं आणि मला ते शंभर टक्के पटतं, चौथ्या पातळीवरची व्हॅल्यू डोक्यात धरून फाईल वाचणं कुणालाच जमत नाही.

म्हणून फाईल वाचून अंदाज बांधायचाच नाही. गिटलॅबच्या पाइपलाइन एडिटरमध्ये फुल कॉन्फिगरेशन नावाचा टॅब आहे, तिथे इन्क्लूड, एक्स्टेंड्स, अँकर, !रेफरन्स सगळं उलगडून शेवटी जॉबच्या हातात काय पडलं ते दिसतं. आम्ही तो उघडला तेव्हा टेस्ट जॉबच्या व्हेरिएबल्सखाली एकटी लॉग लेव्हल बसली होती, अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं. टर्मिनलवरच हवं असेल तर ग्लॅबची (गिटलॅबचं कमांड लाइन टूल) सीआय कॉन्फिग कंपाइल कमांड आहे, बदलाच्या आधीचं आणि नंतरचं आउटपुट दोन फाईलींत घ्या आणि डिफ मारा, रिव्ह्यूमध्ये याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. फक्त डिफॉल्ट सेक्शन (सगळ्या जॉबना लागू होणारी सेटिंग) फुल कॉन्फिगरेशन टॅबमध्ये वेगळाच राहतो, जॉबच्या आत भरून दिसत नाही, त्यामुळे जॉबमध्ये इमेज दिसली नाही तर आधी डिफॉल्टमध्ये बघा.

आम्ही शेवटी << ची ओळ काढून एक्स्टेंड्स टाकलं, टॅब परत उघडला, व्हेरिएबल्सखाली तीन ओळी मोजल्या आणि मग मर्ज केलं.