श्रीलंकेतील भारताचा लष्करी हस्तक्षेप (१९८७–१९९०) : कारणे व हेतू

श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातील यादवीत भारताने १९८७ मध्ये आपले सैन्य उतरवले. ‘भारतीय शांतिसेना’ या नावाने ते दोन वर्षे आठ महिने बेटावर राहिले. परक्या देशाच्या अंतर्गत संघर्षात फौज पाठवण्यामागे क्वचितच एकच हेतू असतो. या प्रकरणातले हेतू बऱ्याच अंशी कागदावर उतरलेले आहेत.

२९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. त्याचा मजकूर श्रीलंकेची अखंडता, उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण आणि बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवणे याविषयी आहे. मात्र भारताला काय हवे होते ते सोबतच्या पत्रांत अधिक स्पष्ट दिसते. त्रिंकोमाली वा अन्य कोणतेही बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला द्यायचे नाही, तिथल्या ब्रिटिशकालीन तेलटाक्यांची दुरुस्ती व वापर दोन्ही देशांनी मिळून करायचा, परदेशी नभोवाणी केंद्रांचा लष्करी किंवा हेरगिरीसाठी उपयोग होऊ द्यायचा नाही, या बाबी तिथे आहेत. कोलंबोने पाकिस्तान, इस्रायल आणि एका ब्रिटिश खासगी कंपनीकडून लष्करी मदत व प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केल्याने दिल्ली अस्वस्थ होती.

दुसरा हेतू घरचा होता. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर लाखाहून अधिक निर्वासित तमिळनाडूत आले. तिथले मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या पाठीशी होते आणि भारतीय गुप्तचर यंत्रणेने तमिळ गटांना प्रशिक्षण दिले होते. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पात मोहीम काढली, तेव्हा ४ जून रोजी भारतीय हवाई दलाने जाफन्यावर विमानांतून अन्नधान्य टाकले. तमिळांचे रक्षण झाले पाहिजे, पण ईलम, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्र, होता कामा नये, अशी दिल्लीची भूमिका होती. शेजारी भाषिक आधारावर नवे राष्ट्र उभे राहिले तर त्याचे पडसाद भारतात उमटतील, ही भीती खरी होती. तमिळांचे रक्षण आणि ईलमला विरोध या दोन गोष्टी एकत्र नांदतील हे गृहीतच पुढे सर्वांत महाग पडले.

आमंत्रण देणाऱ्याचाही हेतू असतो. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली संघटनेचे बंड पेटत होते. उत्तरेचा भार भारतावर पडल्याने जयवर्धनेंना आपले सैन्य तिकडे हलवता आले. मराठी वाचकाला इथे १७७५ चा सुरतेचा तह आठवेल. रघुनाथरावांना पेशवेपदासाठी फौज हवी होती, मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई.

लिट्टेने शस्त्रे पूर्णपणे खाली ठेवली नाहीत आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेची लढाई तिच्याशीच जुंपली. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात भारतीय सैन्याच्या गोळीबारात रुग्ण आणि कर्मचारी बळी पडले. ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य गेले, त्यांच्याच घरांत मृत्यू पोहोचला. हे कटू सत्य भारतीय वाचकाने टाळू नये. त्याचबरोबर जवानांचे शौर्यही विसरता येत नाही. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. संपूर्ण मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले.

जयवर्धनेंनंतर आलेले रणसिंघे प्रेमदासा यांनी १९८९ मध्ये सैन्य परत नेण्याची मागणी केली. दिल्लीतही सत्ताबदल झाला आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या. यादवी मात्र २००९ पर्यंत चालली. पत्रांतल्या तेलटाक्यांचा प्रश्न त्याहूनही लांबला. ९९ टाक्यांपैकी ६१ टाक्या दोन्ही देशांनी मिळून विकसित करण्याचा करार जानेवारी २०२२ मध्ये झाला.