तांबड्या नदीतलं शेवाळ

स्पेनच्या नैर्ऋत्य भागात रिओ टिंटो नावाची नदी आहे. लांबी सुमारे १०० किलोमीटर, पाणी गडद तांबडं आणि लिंबाच्या रसाइतकं आम्लधर्मी. तिथल्या खडकांत लोखंड आणि गंधक एकत्र असलेली खनिजं आहेत. जीवाणू त्यांवर गुजराण करतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि त्या आम्लात लोखंडाबरोबर तांबं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिकही विरघळतात. हजारो वर्षांच्या खाणकामाने त्यात भरच घातली. अशा पाण्यात जीवाणूंपलीकडे कोण राहणार? पण २००२ मध्ये या पाण्यातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि केंद्रकयुक्त पेशींचे (जीवाणूंत केंद्रक नसतं, शेवाळात असतं) किती विविध प्रकार तिथे नांदतात ते दिसलं. दगडांवरचे शेवाळाचे हिरवे थर तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

हे शेवाळ जगतं कसं, हे कळायला आधी धातू मारतात कसे ते पाहावं लागेल. तांबं शेवाळाला हवंच असतं. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका प्रथिनात ते असतं. पण तेच जास्त झालं की हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा बळकावतं. म्हणूनच पाणीसाठ्यांतलं शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. कॅडमियम जस्ताच्या जागी जाऊन बसतं आणि प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं. आर्सेनिकचं एक रूप फॉस्फेटसारखंच दिसतं, त्यामुळे फॉस्फेटसाठी उघडलेल्या दारातूनच ते आत येतं. धातूचा विषारीपणा बराचसा असा आहे: ओळखीच्या रूपात येऊन नको त्या जागी बसणं.

बचाव पेशीच्या बाहेरच सुरू होतो. पेशीभित्तिकेवर ऋणभारित रेणूगट असतात आणि धनभारित धातू त्यांना चिकटतात. बराच धातू तिथेच अडतो. आम्लधर्मी पाण्यात मात्र गणित बदलतं. आम्लामुळे धातू जास्त विरघळतात खरे, पण पाण्यातले असंख्य हायड्रोजन आयनही त्याच जागांसाठी झगडतात, आणि धातूला पेशीला चिकटायला जागाच कमी उरते. आम्ल इथे थोडंफार संरक्षणही देतं. अर्थात फुकट नाही. बाहेरचा सामू (आम्लतेचं माप; आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट) २ असताना पेशी आतला सामू ७ च्या आसपास राखते. म्हणजे बाहेर हायड्रोजन आयनांचं प्रमाण आतल्यापेक्षा लाखपट. ते बाहेर ठेवण्यात ऊर्जा सतत खर्च होते.

तरी काही धातू आत शिरतोच. मग कामाला येतात फायटोकेलॅटिन नावाच्या लहान साखळ्या. त्यांची रचना १९८५ मध्ये सर्पगंधा आणि इतर वनस्पतींच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये उलगडली, आणि पुढे त्या शेवाळांतही सापडल्या. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा रेणू पेशीत नेहमीच असतो. त्याचेच तुकडे जोडून ही साखळी बनते. जोडणी करणारं विकर (एन्झाइम) पेशीत आधीपासून हजर असतं. कॅडमियम आलं की ते लगेच काम सुरू करतं, नवं जनुक चालू होण्याची वाट पाहावी लागत नाही. साखळीतलं गंधक धातूला पकडून ठेवतं आणि मग ही जोडी रिक्तिकेसारख्या बंद कप्प्यात ढकलली जाते. काही शेवाळं फॉस्फेटच्या लांब साखळ्यांच्या कणांतही धातू साठवतात.

या साखळीची किंमत मला फार महत्त्वाची वाटते. ग्लुटाथायोन पेशीला इतर कामांसाठीही लागतं, विशेषतः घातक ऑक्सिजन रेणूंपासून बचावासाठी. ते साखळीत गेलं की दुसरीकडे तुटवडा पडतो, आणि नवं बनवायला गंधक आणि ऊर्जा लागते. म्हणून नुसतं जिवंत शेवाळ पाहून पाणी त्याला बाधत नाही, असं म्हणता येत नाही. ते जगतंय, पण जगण्याचा खर्च मोजून.

गॅल्डिएरिया सल्फुरारिया या लाल शैवालाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. ते ज्वालामुखी भागांतल्या गरम, आम्लधर्मी झऱ्यांत, अगदी ५६ अंश सेल्सियसपर्यंत वाढतं. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि दिसलं, की प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी किमान ५ टक्के जनुकं जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) यांच्याकडून आलेली आहेत. आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप आणि पाऱ्याचं रूप बदलणारं विकर त्यांतलीच. ही साधनं त्याने स्वतः शून्यातून घडवली नाहीत, शेजाऱ्यांकडून मिळवली.

आणि कॅडमियम? थॅलॅसिओसिरा वाइसफ्लॉगी हा समुद्री डायटम, म्हणजे एक प्रकारचं एकपेशीय शैवाल, जस्त कमी पडलं की कार्बन डायऑक्साइड हाताळणाऱ्या एका विकरात चक्क कॅडमियम वापरतो. ज्याला आपण निव्वळ विष समजतो, त्यावर त्याची पेशी काम चालवते.

धातू धरून ठेवण्याच्या या क्षमतेमुळे दूषित पाणी शेवाळाकडून स्वच्छ करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण शेवाळ धातू नष्ट करत नाही, फक्त गोळा करतं. पेशी मेली, कुजली, की तो परत पाण्यात. एखाद्या सूक्ष्म प्राण्याने ती खाल्ली, तर त्याच्या पोटात, आणि तिथून माशापर्यंत. म्हणून अशा प्रकल्पात शेवाळ वाढवण्याआधीच ते वेळेवर बाहेर कसं काढायचं आणि त्यातला धातू कुठे नेऊन ठेवायचा, हे ठरवावं लागतं.