टीव्ही बॉक्समधला झोपलेला जीपीयू

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुतणी परभणीला आली होती, तिला थोडं प्रोग्रामिंग शिकायचं होतं आणि घरात रिकामा कॉम्प्युटर नव्हता. कपाटात एक जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पडून होता, तळहाताएवढा, त्यात मेमरी कार्डवरून लिनक्स चालू केलं, टीव्हीला जोडलं आणि डेस्कटॉप आला. पाच मिनिटांत ती म्हणाली, "काका, हे लई हळू चालायलंय, माऊस मागून मागून यायलाय."

खरंच तसं होत होतं. विंडो ओढली की तुकड्यातुकड्यानं सरकायची, आणि चारही कोर शंभर टक्क्यांवर.

अशा वेळी आधी बघायचं की चित्र काढतंय कोण. जीएलएक्सइन्फो नावाची कमांड ते सांगते, आणि तिथं 'एलएलव्हीएमपाईप' असं नाव आलं की समजायचं ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, झोपलीय आणि तिचं सगळं काम सीपीयू करतोय. हिशोब करून बघा, 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके, ते सेकंदाला 60 वेळा रंगवायचे म्हणजे 12 कोटी 44 लाख ठिपके दर सेकंदाला. सीपीयू हे काम ओढतो कसंबसं, पण मग माऊसकडे बघायला त्याला सवड राहत नाही.

मग चिप झोपली का? आपल्या नेहमीच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड पीसीआय बसवर असतं, तिथं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शाळेतल्यासारखी हजेरी घेतं आणि प्रत्येक कार्ड आपला नंबर सांगतं. या एआरएमच्या, मोबाईलमधे असतात तशा, छोट्या चिपांमधे आतल्या भागांची तशी हजेरीच नसते, कुणी आपणहून बोलत नाही. कर्नलला एक फाईल द्यावी लागते, डिव्हाइस ट्री म्हणतात तिला, त्यात लिहिलेलं असतं की जीपीयू मेमरीतल्या अमुक पत्त्यावर, घड्याळ तमुक, इंटरप्ट अमुक. मला ही फाईल म्हणजे सातबारा वाटते. जमीन जागेवरच असते, पण तलाठ्याच्या कागदावर जे लिहिलंय तेच सरकारला दिसतं. माझ्या बॉक्सच्या खोक्यावर एक मॉडेल छापलेलं, झाकण उघडून चिपवरचा नंबर वाचला तर वेगळाच निघाला, म्हणजे मी दुसऱ्याच शेताचा सातबारा लावला होता. त्या फाईलीत जीपीयूची नोंद होती पण पुढं 'डिसेबल्ड' लिहिलेलं, पडीक दाखवतात ना तसं. बूटच्या फाईलीतली एक ओळ बदलून बरोबर डिव्हाइस ट्री लावली, आणि डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलच्या रोजनिशीत, पहिल्यांदा 'लिमा' हा शब्द दिसला, म्हणजे या जीपीयूला चालवणारा ड्रायव्हर.

लिमाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. आत होता माली 450, एआरएम कंपनीचा जीपीयू, आणि या चिपा आतून कशा चालतात याचं पुस्तक कंपनीनं लोकांसाठी खुलं केलेलं नव्हतं. लूक व्हेरहागेन यांनी 2012 मधे फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत लिमा मांडला तो चिपचं निरीक्षण करून शोधून काढलेला. बंद ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यामधे आपला एक प्रोग्राम बसवायचा, पलीकडे काय काय आकडे जातात ते सगळं उतरवून घ्यायचं, मग त्रिकोणाचा फक्त रंग बदलायचा आणि बघायचं कुठला आकडा हलला. जो हलला तो रंगाचा. असं एकेक करत चिपची भाषा शिकायची, किती चिकाटी लागत असेल याला! मधे काम रेंगाळलं, नंतर चियांग यू यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि 2019 मधे लिनक्स 5.2 आणि मेसा 19.1 (मेसा म्हणजे लिनक्सवर चित्र काढणारी लायब्ररी) मधे लिमा रीतसर आला. त्या लोकांच्या मेहनतीवर आज परभणीत एक पोरगी कोड लिहायला शिकायलीय, हे मला फार मोठं वाटतं.

तरी डेस्कटॉप हळूच. कारण साधं होतं, पुतणीच्या युजरला जीपीयूपर्यंत पोचवणारी फाईल उघडायची परवानगी नव्हती, आणि परवानगी नसली की मेसा गुपचूप एलएलव्हीएमपाईपवर जातं. तिला जीपीयू वापरायची मुभा असलेल्या रेंडर ग्रुपमधे टाकलं, लॉगआऊट लॉगइन, आणि माऊस पळायला लागला.

आठ दिवस बरे गेले, मग दुपारी स्क्रीन गोठायला लागली. लॉगमधे लिमाचीच तक्रार, की दिलेला जॉब वेळेत संपला नाही, म्हणून मी ड्रायव्हरलाच धरलं, दोनदा कर्नल बदललं, काही फरक नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. पुतणीनं वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या म्हणून लक्षात आलं की सकाळी कधीच गोठत नाही आणि दरवेळी वेगळं काहीतरी चालू असताना गोठतं. ड्रायव्हरची चूक असली तर बहुतेक वेळा तेच काम केलं की तीच चूक परत येते. जागा बदलत राहिली आणि उन्हाबरोबर वाढली तर आधी वीज आणि उष्णता बघावी. मल्टिमीटर लावला, 5 व्होल्टच्या अॅडाप्टरमधून लोडवर 4.6 च यायले. उष्णतेनं आतले कपॅसिटर सुकतात, आणि आपल्याकडचा मे महिना तर माहितीच आहे. नानलपेठेतून नवीन अॅडाप्टर आणला, त्यानंतर एकदाही गोठलं नाही.

शेवटचं कोडं तिचं स्वतःचं होतं. तिला रंगाच्या लाटेचा एक छोटा शेडर, म्हणजे जीपीयूवर चालून ठिपके रंगवणारा प्रोग्राम, लिहून दिला होता, अर्धा मिनिट मस्त चालायचा आणि मिनिटभरानं झटके द्यायचा. माली 450 मधे ठिपके रंगवणारा भाग 16 बिटांचे अपूर्णांकच वापरतो, त्यात नेमकेपणा 11 बिटांचा. म्हणून लाट पुढं सरकवायला मोजलेले सेकंद 64 च्या पुढं गेले की दोन आकड्यांमधली सगळ्यात लहान पायरी एक सोळांश होते, 128 नंतर एक अष्टमांश, आणि फ्रेम तर सेकंदाच्या साठाव्या भागाला बदलते. वेळ पुढं जात होती पण चिपला ती पायरीपायरीनंच दिसत होती. हे तिला कागदावर काढून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग लाट पूर्ण झाली की वेळ परत शून्य करू ना काका." सीपीयूच्या बाजूला तशी एक ओळ तिनंच लिहिली, आणि रात्री जेवण होईपर्यंत लाट टीव्हीवर एकसारखी चालू होती.