इंग्रजी फाडफाड बोलता आलं की टोइकचं अपील जिंकलं?

फेब्रुवारी २०१४. ब्रिटनमध्ये व्हिसासाठी दिल्या जाणाऱ्या टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत उमेदवाराच्या जागी तोतया बसवला जातो, हे बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने उमेदवारांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासली, ३३ हजारांहून अधिक निकाल अवैध ठरवले. हजारोंचे व्हिसा गेले. तेव्हापासून एक समज फिरतोय: अपिलात न्यायाधीशांपुढे अस्खलित इंग्रजी बोला, तोतया बसवल्याचा आरोप आपोआप गळून पडतो.

तसं होत नाही. इंग्रजी येणाराही तोतया बसवू शकतो, हे अशी अपिलं ऐकणाऱ्या ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१६ मध्येच सांगितलं. आत्मविश्वास नसणं, नापासाची धास्ती, वेळ नसणं अशी कारणंही दिली. चांगलं इंग्रजी हा बाजू भक्कम करणारा एक मुद्दा, एवढंच. खरा कस लागतो तो तुमच्या हकिगतीचा. तेच केंद्र का निवडलंत? तिथवर कसे पोहोचलात? फी कशी भरलीत? खोलीत काय घडलं? उत्तरं गुळमुळीत असली तर उत्तम उच्चारही वाचवत नाहीत.

पण म्हणून ‘अवैध’ शिक्का बसला म्हणजे गुन्हा शाबीत, असंही नाही. फसवणूक सिद्ध करण्याची जबाबदारी ब्रिटनच्या गृहखात्यावरच असते. मात्र त्यांचा पुरावा उत्तर मागण्याइतका पुरेसा आहे, असं न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये ठरवलं. त्यामुळे गप्प बसून भागत नाही. निर्दोष विद्यार्थ्यांचीही यात वर्षं वाया गेली, हा अन्यायच आहे. म्हणून जुनी गुणपत्रकं, पावत्या, ईमेल जपून ठेवा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत द्या.