पेतालिंग जाया : मामाक आणि कोपितियाम

मलेशियातील पेतालिंग जाया या उपनगरात रोजच्या स्वस्त खाण्याच्या जागांचे हे दोन मुख्य प्रकार. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ. कोपितियाम म्हणजे मूळचे हैनानी (चीनच्या दक्षिणेकडील हैनान बेटावरच्या) चिनी लोकांचे कॉफीघर. सेलांगोर राज्यातील हे उपनगर क्वालालंपूरच्या पश्चिमेला लागून आहे आणि बोलण्यात त्याला ‘पीजे’ म्हणतात.

क्वालालंपूरमधील दाटी कमी करण्यासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी, कम्युनिस्ट बंडाविरुद्ध ब्रिटिशांनी पुकारलेल्या आणीबाणीच्या काळात (१९४८–६०), रबराच्या मळ्याच्या जमिनीवर हे गाव आखून वसवण्यात आले. २००६ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. वस्तीचे भाग क्रमांकांनी ओळखले जातात : सेक्शन १४, सेक्शन १७, एसएस २. बहुतेक भागांत घरांच्या मधोमध दोन-तीन मजली दुकानांच्या रांगा ठेवलेल्या आहेत. रांगेतील कोपऱ्याचा गाळा दोन बाजूंनी उघडा असतो आणि शेजारी टेबले मांडायला जागा मिळते, म्हणून मामाक बहुधा कोपऱ्यावरच सापडतो. स्वस्त खाणे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळते, त्याचे बरेचसे श्रेय या आखणीला द्यावे लागेल. केवळ खाद्यपदार्थांच्या अंगाने केलेल्या वर्णनांत ही बाजू दुर्लक्षित राहते.

दुकानांपुढच्या आच्छादित वाटेला ‘काकी लिमा’ (पाच फूट) म्हणतात. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश प्रशासक स्टॅमफर्ड रॅफल्सने १८२२ मध्ये सिंगापूरच्या नगररचनेसाठी घालून दिलेल्या नियमांत दुकानांपुढे सलग, छप्पर असलेली वाट सोडण्याची अट होती. काही अभ्यासक या रचनेचे मूळ दक्षिण चीनमधील बाजारपेठांत शोधतात, तर काही जावा बेटावरील डच बटाव्हियात (आजचे जकार्ता). रॅफल्स १८११–१६ या काळात जावाचा कारभार पाहत होता, हा दुसऱ्या मताचा मुख्य आधार. अशा वाटा आधीपासून निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात आणि सिंगापुरात त्यांना कायद्याचे बंधन आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पीजेतील वाटा काँक्रीटच्या व अलीकडच्या असल्या तरी रचना तीच आहे. संध्याकाळी टेबले तिथे आणि पुढे वाहनतळावरही येतात. चालणाऱ्यांची वाट अडते ही तक्रार जुनीच आहे.

मामाकची परंपरा उत्तरेकडील पेनांग बेटाकडून आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १७८६ मध्ये ब्रिटिशांनी तेथे ठाणे वसवल्यानंतर कोरोमंडल किनाऱ्यावरील तमिळ मुसलमान व्यापारी व मजूर मोठ्या संख्येने आले. कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला रस्से घेऊन गोदीभोवती विकणाऱ्या फेरीवाल्यांपासून ‘नासी कांदार’ हा प्रकार निघाला. त्याचा काळ कोणी एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध देतात, कोणी विसाव्याचा आरंभ. भातावर दोन-तीन रस्से एकत्र ओतून घेणे हे त्याचे वैशिष्ट्य. भात रश्श्यात बुडवून हवा असेल तर गिऱ्हाईक ‘बंजिर’ (पूर) म्हणते. दर ताट पाहून अंदाजाने सांगितला जातो.

मामाकचा मुख्य पदार्थ म्हणजे रोती चनाई. मैदा, मीठ, पाणी व मार्गरीन किंवा तूप यांचे सैलसर पीठ मळून त्याचे गोळे तेलात बुडवून काही तास ठेवतात. या मुरवणीत पिठाचा ताण उतरतो. ती अपुरी झाली तर पोळी पसरताना फाटते. नंतर गोळा तेलकट ओट्यावर थापून हवेत फिरवत आपटला जातो. पापुद्रा पलीकडचे दिसेल इतका पातळ झाला की घड्या घालून किंवा गुंडाळी करून तव्यावर टाकतात. उतरवल्यावर कारागीर ती दोन्ही तळहातांत धरून कडेने आत चेपतो आणि पदर सुटे होतात. ही शेवटची क्रिया वगळली तर रोटी चिवट लागते. केरळ-तमिळनाडूचा परोट्टा, सिंगापूरचा प्राता आणि मॉरिशसचा फराटा हे तिचे उघड नातलग आहेत. मूळ मलबारचे की तमिळ किनाऱ्याचे, याविषयी एकमत नाही. मात्र दक्षिण भारतात गहू हे मुख्य पीक नव्हते. त्यामुळे हा पदार्थ आजच्या रूपात बंदरांतून, आयात मैद्याच्या सोयीने रुळला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

रोटीबरोबर डाळ किंवा मासळीचा रस्सा मिळतो. काही ठिकाणी ‘दालचा’ (डाळीचा दाटसर रस्सा) असतो. हैदराबाद-मराठवाड्याकडील मुस्लिम घरांतला दालचा माहीत असलेल्या मराठी माणसाला तो ओळखीचा वाटेल, पण त्यात बहुधा मटणाची हाडे असतात. शाकाहारी माणसाने आधी विचारावे. सोबत ‘तेह तारिक’, म्हणजे आटवलेले गोड दूध घालून दोन भांड्यांत उंचावरून ओतत फेसाळ केलेला चहा. २०२० च्या दशकात साधी रोती चनाई दोन रिंगिटच्या (मलेशियाचे चलन) आसपास मिळत होती. हलाल स्वयंपाकामुळे मलय, चिनी, भारतीय सगळे मामाकमध्ये एकत्र बसू शकतात. रात्री उशिरापर्यंत, पुष्कळ ठिकाणी चोवीस तास, दुकान उघडे असते. फुटबॉलच्या सामन्यांना मोठा पडदा लावला जातो. इतक्या निरनिराळ्या घरांतली माणसे रोज सहज शेजारी बसून जेवतात अशा जागा थोड्या, आणि मामाकचे खरे मोल त्यातच आहे.

कोपितियामची व्यवस्था वेगळी. मालक स्वतः फक्त पेये विकतो आणि खाण्याच्या गाड्या इतरांना भाड्याने देतो. त्यामुळे एका टेबलावर ‘करी मी’ (रस्सेदार नूडल्स), ‘चार क्वे त्याव’ (परतलेल्या चपट्या तांदळाच्या नूडल्स) आणि चिकन राइस तीन वेगळ्या गाड्यांवरून येतात व त्यांचे पैसेही वेगळे द्यावे लागतात. हैनानी लोक मलायात इतर चिनी गटांच्या मागाहून आले. अनेकजण ब्रिटिशांच्या घरी व क्लबांत स्वयंपाकी होते आणि टोस्ट-अंडी-कॉफीची न्याहारी तेथूनच आली, हे बहुमान्य मत. कॉफीचे दाणे साखर व मार्गरीन घालून काळेभोर भाजतात आणि कापडी पिशवीतून गाळतात. नुसते ‘कोपी’ म्हटले की आटवलेले गोड दूध घातलेली. ‘कोपी ओ’ काळी व गोड, ‘ओ कोसोंग’ बिनसाखरेची, ‘सी’ बिनगोड आटीव दुधाची, ‘पेंग’ बर्फाची. अर्धवट उकडलेल्या अंड्यांवर सोया सॉस व पांढरी मिरपूड घालतात. अनेक कोपितियाममध्ये डुकराचे मांस शिजत असल्याने मुसलमान गिऱ्हाईक तेथे सहसा नसते.

यांखेरीज केळीच्या पानावरील भाताची तमिळ उपाहारगृहे (सेक्शन ५ मधील राजू हे प्रसिद्ध), नासी लेमाकची (नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताची) दुकाने (दमनसारा उतामा येथील व्हिलेज पार्क) आणि एसएस २ येथे सोमवारी रात्री भरणारा ‘पासार मालाम’ हा बाजार उल्लेखनीय आहे.

१ जानेवारी २०१९ पासून सर्व खाद्यगृहांत, उघड्यावरच्या टेबलांवरही, धूम्रपानास बंदी आली. महागाई वाढल्यावर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ५ रिंगिट किंवा त्याहून कमी दरात जेवण देणारी ‘मेनू रहमाह’ योजना सुरू केली. तीत भाग घेणे दुकानदारांच्या इच्छेवर होते. नासी लेमाक, रोती चनाई व तेह तारिक यांचा समावेश असलेली मलेशियाची न्याहारी संस्कृती युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली.