पार्श्वभूमी : मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर आणि त्यांच्यामधले पूल

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि नॉस्टर ही ट्विटरसारखी छोट्या पोस्टींची जाळी, आणि एका जाळ्यातली पोस्ट दुसऱ्यात पोचवणारी सोय म्हणजे पूल. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो कुणी मॅस्टोडॉनवर टाकला आणि तो पुलावरून ब्लूस्कायवर उमटला, तर तिथं टाकणाऱ्याच्या नावाला लांब शेपूट लागलेलं दिसतं. आधी मूळ नाव, मग मूळ सर्व्हरचा पत्ता, शेवटी ‘एपी.ब्रिड.जीवाय’. मूळ नावात अधोरेषा असेल तर तिच्या जागी आडवी रेघ येते, कारण ब्लूस्कायवरचं नाव हे डोमेन असतं आणि तिथल्या नावांत अधोरेषा चालत नाही. वापरनाव देवनागरीत ठेवण्याची सोय दोन्हीकडं नाही, रोमन अक्षरांवरच भागवावं लागतं.

हे शेपूट का लागतं, यात या जाळ्यांचा बराचसा इतिहास येतो. एका यंत्रावरून दुसऱ्यावर निरोप पोचवणं सोपं. ते चाळीस वर्षांपूर्वीच साधलं होतं. निरोप धाडणारा माणूस कोण हे कुणाच्या शब्दावर मानायचं, याची उत्तरं मात्र प्रत्येक प्रोटोकॉलनं, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायच्या नियमावलीनं, वेगळी दिली. पुलांवरच्या बहुतेक कटकटी तिथूनच निघतात.

ई-मेलनं पहिलं उत्तर दिलं. १९८२ मध्ये एसएमटीपी या ई-मेल धाडण्याच्या प्रोटोकॉलचा मसुदा आला आणि ‘अमुक माणूस, तमुक सर्व्हर’ हा पत्त्याचा साचा रुळला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या जॅबरनं, म्हणजे पुढच्या एक्सएमपीपीनं, तोच साचा गप्पांसाठी घेतला. गूगल टॉक २००५ मध्ये आलं, २००६ मध्ये त्यानं बाहेरच्या एक्सएमपीपी सर्व्हरांना दार उघडलं, आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना ते लावूनही घेतलं. बाहेरच्यांच्या यादीतले जीमेलवाले मित्र हळूहळू गप्प झाले. मोठा खेळाडू जाळ्यात आला की जुन्या लोकांच्या कपाळावर आठी पडते, ती या अनुभवामुळे.

छोट्या पोस्टचं पहिलं नाव घेण्याजोगं विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या सर्व्हरवर न अडकलेलं, ठिकाण आयडेंटिका. इव्हान प्रोड्रोमू यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. २०१० च्या सुमारास अशा ठिकाणांना जोडणारं ओस्टेटस आलं. ते एकसंध नव्हतं, ॲटम फीड, पबसबहबबब, सामन आणि वेबफिंगर अशा सुट्या तंत्रांची मोट बांधलेली होती. सार्वजनिक पोस्टपुरती ती चाले. ‘फक्त माझ्या अनुयायांना दिसावं’ म्हटलं की हात टेके. त्याच वर्षीच्या डायस्पोरा या जाळ्यानं स्वतःची वेगळी भाषा काढली. फ्रेंडिकानं मात्र एकाच सॉफ्टवेअरमधून अनेक प्रोटोकॉल बोलायचं ठरवलं, म्हणजे पूल घरातच बांधला. त्याचं व्हावं तितकं कौतुक झालं नाही.

डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा सामाजिक वेबवरचा कार्यगट २०१४ मध्ये बसला आणि २३ जानेवारी २०१८ रोजी ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल अधिकृत मानक झाला. ऑयगेन रोखको यांचं मॅस्टोडॉन ऑक्टोबर २०१६ मध्ये ओस्टेटसवर निघालं होतं, पण सप्टेंबर २०१७ च्या १.६ आवृत्तीत, मानकावर शिक्का बसण्याआधीच, ते ॲक्टिव्हिटीपब बोलू लागलं. दोन वर्षं दोन्ही भाषा चालवून २०१९ च्या ३.० आवृत्तीत त्यानं जुनी सोडली. लगेच नोव्हेंबरमध्ये भारतातून पहिला मोठा लोंढा आला, निमित्त ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित होण्याचं. बरेच जण नंतर परतले. मराठीतही लिहिता येणारं ‘कू’ त्यानंतर आलं, पण ते एकाच कंपनीचं होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा तिथलं नाव आणि अनुयायी उचलून दुसरीकडं नेण्याची वाटच नव्हती.

ॲक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. नागपूरच्या एका सर्व्हरवरच्या खात्याला पुण्यातल्या सर्व्हरवरचं खातं फॉलो करायचं आहे. नागपूरचा सर्व्हर आधी वेबफिंगरनं विचारतो, ‘या नावाचं कुणी आहे का?’ उत्तरात खात्याचा दुवा मिळतो. त्या दुव्यावरून जेसन या यंत्रांना वाचता येणाऱ्या स्वरूपात खात्याची माहिती येते, तिच्यात इनबॉक्सचा पत्ता आणि सही तपासायची सार्वजनिक किल्ली असते. मग नागपूरहून त्या इनबॉक्सवर ‘फॉलो’ जातं, पुण्याहून ‘ॲक्सेप्ट’ येतं. पुढं पुण्यातली प्रत्येक नवी पोस्ट ‘क्रिएट’ म्हणून नागपूरला येऊन पडते. एकाच सर्व्हरवर शंभर अनुयायी असले तरी शंभर खेपा नकोत म्हणून सामायिक इनबॉक्सची सोय आहे. प्रत्येक विनंतीवर पाठवणाऱ्याच्या खाजगी किल्लीची सही असते आणि ती किल्ली सर्व्हरवर असते, माणसाच्या खिशात नाही. थोडक्यात, तुम्ही कोण हे तुमचा सर्व्हर सांगतो.

हातानं लिहिलेल्या स्क्रिप्टांची फजिती बहुधा या सहीतच होते. सहीत विनंतीची तारीख-वेळ धरलेली असते आणि ती जीएमटीत लागते. भारतीय वेळ तशीच लिहून पुढं जीएमटी चिकटवलं, तर विनंती साडेपाच तास भविष्यातली ठरते. समोरचा सर्व्हर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, असं उत्तर देऊन मोकळा होतो. किल्ल्या तपासण्यात रात्र घालवण्याआधी घड्याळ बघावं. दुसरा त्रास दुव्यांचा. एखाद्या छोट्या संकेतस्थळाचा दुवा पसरला की प्रत्येक सर्व्हर त्याचं पूर्वदृश्य स्वतः आणायला जातो. मॅस्टोडॉन या कामात मिनिटभरापर्यंतचा यादृच्छिक विलंब घालतं, तरी हजारभर सर्व्हर एका मिनिटात आले तर स्वस्तातलं होस्टिंग झोपतंच.

ब्लूस्कायचं मूळ ट्विटरमध्ये आहे. जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ही कल्पना जाहीर केली, २०२१ मध्ये जे ग्रेबर प्रमुख झाल्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली आणि त्याच महिन्यात बाहेरच्यांना स्वतःचे डेटा सर्व्हर जोडता येऊ लागले. त्यांच्या एटी प्रोटोकॉलनं ओळख सर्व्हरपासून सोडवली. प्रत्येक खात्याला ‘डीआयडी’ नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. दिसणारं नाव फक्त त्याच्याकडं बोट दाखवतं, ते केव्हाही बदला. पोस्टी खात्याच्या सही केलेल्या भांडारात राहतात आणि ते भांडार दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. मॅस्टोडॉनवर घर बदललं की अनुयायी येतात, जुन्या पोस्टी मागं राहतात. इथं दोन्ही येतात. बहुतेक डीआयडींची नोंद मात्र ब्लूस्काय कंपनीनं उभारलेल्या एकाच निर्देशिकेत आहे, आणि टीकाकार नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

पोस्टींची वाहतूकही वेगळी. इथं इनबॉक्स ते इनबॉक्स खेपा नाहीत. सगळ्या भांडारांतले बदल रिले नावाचा सर्व्हर गोळा करतो आणि एकच प्रवाह पुढं सोडतो, त्यातून ॲपव्ह्यू नावाचे सर्व्हर वाचणाऱ्यांसाठी आपापली पानं तयार करतात. नागपूरकरांना ही रचना नवी वाटू नये. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या शहरी परतत. फायदा तोच, चार शहरांमध्ये सहा वेगळे मार्ग चालवावे लागत नाहीत. धोकाही तोच, सोनेगाव अडलं की सगळंच अडलं. रिले दुसऱ्या कुणालाही चालवता येतो. ॲपव्ह्यूचा खर्च मात्र हौशी मंडळाच्या आवाक्याबाहेर जातो.

नॉस्टर २०२० मधलं. तिथं ओळख म्हणजे नुसती किल्लीची जोडी. पोस्टवर सही करा, हव्या तितक्या रिलेंना द्या, संपलं. हे रिले एकमेकांशी बोलत नाहीत, ॲपच सगळ्यांकडं फिरतं. किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात का’ विचारायला तिथं कुणी बसलेलं नाही. आणि पोस्ट पुसण्याची केवळ विनंती करता येते. रिलेनं ती मानावी अशी सक्ती नाही.

या तीन उत्तरांच्या मधोमध पूल उभा राहतो. ब्रिजी फेड हा पूल रायन बॅरेट यांनी मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा सगळी सार्वजनिक खाती आपोआप जोडायची आणि नको त्यानं नाही म्हणावं, असा बेत होता. त्यावर मॅस्टोडॉनकरांनी रान उठवलं. आपल्या पोस्टी कुठं जाव्यात हे आम्ही ठरवू, हा त्यांचा मुद्दा रास्त होता, सगळ्यांची भाषा मात्र तशी नव्हती. शेवटी आधी संमती, मग पूल असं ठरलं. मेटा कंपनीच्या थ्रेड्सनंही मार्च २०२४ पासून काही देशांत ॲक्टिव्हिटीपबवर पोस्टी पाठवणं सुरू केलं, तिथंही वापरणाऱ्यानं स्वतः चालू केलं तरच.

जोडणी साधी आहे. मॅस्टोडॉनवरून पुलाचं ‘बीएसकेवाय.ब्रिड.जीवाय’ हे खातं फॉलो करायचं, ब्लूस्कायवरून ‘एपी.ब्रिड.जीवाय’ हे. पूल उलट फॉलो करतो आणि पलीकडं तुमच्या नावाचं खातं उघडतो. पूल नको झाला तर तेच खातं ब्लॉक करायचं. काहीच घडलं नाही तर आधी आपल्या सर्व्हरच्या ॲडमिननं पुलाचं डोमेनच ब्लॉक केलंय का ते विचारावं. त्या भांडणानंतर काहींनी केलं आहे. पलीकडच्या खात्याच्या किल्ल्या पुलाकडं असतात, हेही लक्षात असू द्यावं.

पलीकडं जाताना गळती होते. फक्त अनुयायांसाठीच्या पोस्टी जात नाहीत, कारण ब्लूस्कायवरच्या पोस्टी सार्वजनिकच असतात. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची, ब्लूस्कायची ३००, म्हणून लांब मजकूर तोडून मूळ दुवा जोडला जातो. मराठीत खरी गंमत दुव्यांची होते. मॅस्टोडॉन दुवे एचटीएमएलमध्ये, म्हणजे मजकुरातच खुणा घालून, पाठवतं. ब्लूस्काय मजकूर साधा ठेवतं आणि दुवा कितव्या बाइटपासून कितव्यापर्यंत आहे ते वेगळं नोंदवतं. ‘दीक्षाभूमी’ डोळ्यांना चार अक्षरं, युनिकोडमध्ये दहा चिन्हं, यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत तीस बाइट. त्यापुढं एक जागा सोडून दुवा दिला तर, मोजणी शून्यापासून असल्यानं, तो बाइट ३१ वर सुरू होतो. एखाद्या लायब्ररीनं, म्हणजे ॲपमध्ये वापरायच्या तयार कोडनं, बाइटांऐवजी चिन्हं मोजून ११ लिहिलं, तर दुव्याची सुरुवात ‘क्षा’मधल्या हलन्ताच्या पोटात पडते आणि दुवा मोडतो. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एकच बाइट, म्हणून चाचणीत ही चूक सापडत नाही. अक्षरमोजणीचंही तसंच. युनिकोड १५.१ च्या नियमानं ‘क्ष’ एक अक्षर, जुन्या लायब्ररीत दोन. त्यामुळं एका ॲपला ३०० वाटणारी जोडाक्षरांची पोस्ट दुसरं ॲप ‘लांब झाली’ म्हणून परत करतं.

नागपुरातल्या एखाद्या मंडळाला स्वतःचं ठाणं उभारायचं असेल तर डोमेन आधी पक्कं करावं. मॅस्टोडॉनमध्ये ‘लोकल डोमेन’ एकदा ठरवून सर्व्हर चालू केला की तो बदलता येत नाही. बदलला तर बाहेरचे सर्व्हर त्या खात्यांना परके समजतात. वर्गणी थकून डोमेन हातचं गेलं, तरी हीच गत. ब्लूस्कायसाठी त्याच डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, ‘एटीप्रोटो’ नावाची टीएक्सटी (मजकुराची) नोंद करायची, मूल्यात ‘डीआयडी’ आणि बरोबरच्या चिन्हापुढं आपला क्रमांक. या नोंदीच्या नावाआधी अधोरेषा मात्र लागतेच. सर्व्हर यंत्राला २ जीबी रॅम जेमतेम पुरते, ४ घ्यावी. बाहेरून आलेल्या फोटो-व्हिडिओंचा साठा आठवड्याला पुसण्याची आज्ञा पहिल्याच दिवशी वेळापत्रकात टाकावी. डिस्क बहुधा त्यानंच भरते.